सार्वजनिक काका

वकिलाने आपली मिळकत आपल्याच हाताने आटवावी, हे दृश्य विरळा. सातारा येथे १८२८ साली जन्मलेले गणेश वासुदेव जोशी पुण्यास वकिली करीत. परंतु तंटे कोर्टात न जाता आपसांत मिटावेत म्हणून त्यांनी लवाद कोर्टाचा उद्योग आरंभिला. बांधाच्या भांडणापायी वडूजच्या कचेरीचे उंबरठे झिजविणाऱ्या आम्हां खटाव तालुक्याच्या लोकांस त्याचे मोल निराळे सांगावयास नको. १८७० साली त्यांच्या खटपटीने पुण्यास सार्वजनिक सभा निघाली व लोक त्यांस सार्वजनिक काका म्हणू लागले. अशा पुरुषाचे चरित्र एका ज्ञातीच्या स्मरणिकेत कोंडताना आम्हांस थोडा संकोचच होतो.

खरी कसोटी १८७९ साली लागली. मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या आणि सरकारचा संशय शहरातील प्रतिष्ठितांवर गेला. जुलैमध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे तो संशय आपल्या दारी आणणे होते. मोबदल्याची आशा तर नव्हतीच. तरी काका न्यायासनापुढे उभे राहिले. फडके यांस जन्मठेप होऊन एडनला धाडण्यात आले. तेथे १८८३ साली त्यांचा अंत झाला. काका त्यापूर्वीच, २५ जुलै १८८० रोजी, निवर्तले होते.