सर्चमधला * आला कुठून? स्टीफन क्लेनींची गोष्ट

फोनवर टर्मक्स टाकून मी ग्रेप वापरतो तो मुख्यतः गावाकडच्या कागदांसाठी. सातबाऱ्याच्या नोंदी, याद्या, जुने अर्ज, सगळं टेक्स्ट फाइल्समध्ये. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुके एकदम शोधायचे तर 'कर्जत|खालापूर' असं लिहावंसं वाटतं. पण साधा ग्रेप यावर गप्प बसतो. एररसुद्धा देत नाही! फाइलमध्ये नाव असताना 'नाही' असं उत्तर मिळालं आणि आपण ते खरं मानलं, तर जमिनीच्या कामात ते महागात पडतं. हा घोळ समजून घ्यायचा तर स्टीफन क्लेनींपासून सुरुवात करावी लागते.

क्लेनींचा जन्म 5 जानेवारी 1909 रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आई कविता लिहायची. आडनावाचं स्पेलिंग बघून लोक 'क्लीन' म्हणायचे, ते स्वतः मात्र 'क्लेनी' म्हणत. 1934 साली प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च यांच्याकडे पीएचडी केली आणि पुढची जवळजवळ सगळी नोकरी विस्कॉन्सिन विद्यापीठात. मधे महायुद्धात नौदल. डोंगर चढायची भारी हौस होती. (भीमाशंकरची वाट त्यांना आवडली असती, असं मला आपलं वाटतं.)

1951 चा उन्हाळा त्यांनी रँड या संशोधन संस्थेत काढला. मॅक्युलॉक आणि पिट्स यांनी 1943 मध्ये मेंदूतल्या पेशींचं एक गणिती मॉडेल मांडलं होतं. असं जाळं नेमके कोणते पॅटर्न ओळखू शकतं, हा क्लेनींचा प्रश्न. उत्तर थक्क करणारं निघालं: फक्त तीन क्रिया पुरतात. एकामागे एक, हे किंवा ते, आणि तेच पुन्हा पुन्हा (शून्य वेळाही चालेल). तिसरीची खूण म्हणजे *. हे काम 1956 साली छापून आलं. त्यात कॉम्प्युटरवरच्या सर्चचा विषयही नव्हता.

तो आणला केन थॉम्प्सन यांनी, 1968 मध्ये. पुढे युनिक्सच्या एडिटरमध्ये आणि 1973 च्या ग्रेपमध्ये त्यांनी सोपी आवृत्ती ठेवली, आणि त्यात 'किंवा' गळला. अल्फ्रेड एहो यांच्या ईग्रेपने तो परत आणला. तोवर जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्ट जगभर पसरल्या होत्या, म्हणून पॉझिक्स मानकात दोन्ही बोली राहिल्या: बेसिक आणि एक्स्टेंडेड. बेसिकमध्ये | हे नुसतं एक अक्षर आहे. म्हणून ग्रेपला कॅपिटल 'ई' हा ऑप्शन द्यायचा, की काम झालं.

फाइंडची तऱ्हा अजून वेगळी. जीएनयू फाइंडचा रेजेक्स मुळात ईमॅक्सच्या बोलीत चालतो, तिथे 'किंवा' \| असा लिहितात. रेजेक्सटाइप बदलून पॉझिक्स-एक्स्टेंडेड करता येतो. शिवाय तो पूर्ण पाथ जुळवतो, त्यामुळे पुढेमागे .* लावावं लागतं. आणि फाइंडच्या 'नेम' ऑप्शनमधला * तर क्लेनींचा नव्हेच. तो एकटाच 'काहीही' असा अर्थ देतो. क्लेनींचा * आपल्या आधीचं अक्षर किती वेळा येईल ते सांगतो.

माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला एक्स्टेंडेडच घ्या. पर्लची बोली (ग्रेपमध्ये कॅपिटल 'पी') एखाद्याच वेळी लागते. उदाहरणार्थ, कर्जत दोन आहेत, एक आपलं रायगडातलं, दुसरं अहिल्यानगरचं. 'कर्जत-जामखेड' वगळून बाकीचं कर्जत हवं असेल तर 'कर्जत(?!-जामखेड)' हे पर्लच्या बोलीतच जमतं. तिच्यात काही सोयी क्लेनींच्या तीन क्रियांच्या पलीकडच्या आहेत. त्यांची किंमत वेळेत मोजावी लागते: वाकडातिकडा पॅटर्न दिला तर एका लांब ओळीवर फोन बराच वेळ अडकून बसू शकतो.

क्लेनी 1979 साली निवृत्त झाले, 1990 मध्ये त्यांना अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं, आणि 25 जानेवारी 1994 रोजी मॅडिसनला ते गेले. तोवर ग्रेपला वीस वर्षं होऊन गेली होती.