घनश्यामदास बिर्ला आणि रेयॉनचा धागा

जयेंद्रगंजातील विद्यार्थ्यांना बिर्लानगर ठाऊक आहेच. ज्या घराण्याचे नाव त्या वस्तीस मिळाले, त्यातील घनश्यामदासजींचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचा जन्म १८९४ साली राजस्थानातील पिलानी येथे झाला. तरुणपणी ते कलकत्त्यास तागाची दलाली करू लागले. तेथील इंग्रज पेढ्यांत हिंदी माणसास लिफ्ट वापरण्याचीही मुभा नसे. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला व ते कारखानदारीकडे वळले. १९२१ साली ग्वाल्हेरीत जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली आणि १९४७ साली ग्वाल्हेर रेयॉन कंपनी स्थापन झाली.

परंतु कापडास सूत हवे आणि सुतास तंतू. तो तंतू देशातच व्हावा यासाठी १९५४ साली चंबळेकाठी नागदा येथे कारखाना निघाला. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया करून मधासारखा दाट द्राव बनवितात. तो अतिसूक्ष्म छिद्रांतून आम्लात सोडला की त्याचे तंतू होतात. नायलॉन खनिज तेलातील रसायनांपासून घडते. रेयॉनचे मूळ मात्र वृक्षात असते.

कार्बन डायसल्फाइड विषारी आहे. म्हणून कामगारांचे आरोग्य व नदीचे पाणी जपणे, हे अशा कारखान्याचे उत्पादनाइतकेच मोठे कर्तव्य होय.

१९८३ साली घनश्यामदासजी लंडन येथे निवर्तले. ग्वाल्हेरची ती जुनी गिरणी आता बंद पडली आहे. रेयॉन कंपनी मात्र ग्रासिम या नावाने आजही तंतू बनविते. अपमानाचे उत्तर उद्योगाने द्यावे, हा त्यांच्या जीवनाचा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.