भुकेल्या पोटी अक्षर कसं गिरवणार?

शाळेतल्या खिचडीला आपण सहज नावं ठेवतो. पण मैत्रिणींनो, शाळेतलं हे जेवण ज्यांनी खेडोपाडी पोचवलं, त्यांना स्वतःला लहानपणी शाळा सोडावी लागली होती. ते म्हणजे तमिळनाडूचे के. कामराज.

विरुदुनगर गावी १५ जुलै १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले, संसाराचा भार आई शिवकामी यांच्यावर आला. पोराची शाळा सुटली ती सुटलीच. तो मामाच्या कापडाच्या दुकानात बसू लागला. पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली, अनेक वर्षं तुरुंगात काढली. लग्नही केलं नाही.

१९५४ साली कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. बंद पडलेल्या शाळा त्यांनी पुन्हा उघडल्या, गावोगावी नव्या काढल्या. तरी गरिबाघरची मुलं येईनात. कोणी गुरं राखायचं, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळायचं. असं सांगतात, की दौऱ्यावर असताना गुरं राखणाऱ्या एका मुलाला त्यांनी शाळेत का जात नाहीस म्हणून विचारलं. शाळेत गेलो तर जेवायला तुम्ही देणार का, असं त्या पोरानं उलट विचारलं. ज्यानं स्वतः गरिबी सोसली, त्याला वेगळं काय समजावून सांगायचं?

मद्रास शहरातल्या काही शाळांत जेवण पूर्वीही दिलं जाई. कामराजांनी १९५६ पासून ते राज्यभरातल्या प्राथमिक शाळांत नेलं. पैसा कुठून आणायचा, ही मोठी चिंता होती. पण मुलांसाठी लोकांपुढे हात पसरायलाही त्यांना कमीपणा वाटला नाही. गावकऱ्यांनी धान्य दिलं, भाजी दिली, भांडीकुंडी दिली. पुढे गणवेशही मिळू लागले. सगळ्यांचे कपडे सारखे, पंगतही एकच, मग गरीब-श्रीमंत कोण ते कसं कळणार?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी कामराज गेले. इतकी वर्षं सत्तेत राहूनही ते भाड्याच्याच घरात राहिले. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूतली ही योजना आणखी वाढवली. १९९५ मध्ये ती देशभर सुरू झाली. पण बहुतेक राज्यांत मुलं महिन्याला ३ किलो धान्य घरी नेत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं आठवीपर्यंतच्या मुलांचा तो हक्कच झाला.

म्हणून आपणही नुसती नावं ठेवायला नको. एखाद्या दुपारी चौघीजणी मिळून शाळेत जाऊ या. डाळ पुरेशी आहे का, भाजी पडते का, तांदूळ नीट निवडलेला आहे का, हे पाहू या. घरच्या स्वयंपाकावर आपली जशी नजर असते, तशीच तिथंही हवी. तिथं जेवणारी मुलं आपलीच आहेत ना!