काचपट्टीवर रोग वाचणारे डॉ. खानोलकर

लातूर : मानेत किंवा काखेत गाठ आली, ताप उतरेनासा झाला, वजन घटू लागले की मराठवाड्यातील घरांत पहिला संशय क्षयाचा घेतला जातो. अनेकदा तो खराही ठरतो. मात्र लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, म्हणजेच लिम्फोमाची लक्षणेही हीच असतात. या दोन आजारांतील फरक गाठ चाचपून सांगता येत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखाली उमगतो. म्हणूनच लातूर-नांदेडहून परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाच्या पिशवीत कागदपत्रांसोबत काचपट्ट्या आणि मेणात बसविलेला गाठीचा तुकडा असतो. कर्करोगाच्या निदानाला देशात ही शास्त्रशुद्ध बैठक मिळवून देणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे.

डॉ. खानोलकर यांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले आणि 1923 मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व पुढे सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. रुग्णाला तपासणारा आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर लोकांच्या स्मरणात राहतो. प्रयोगशाळेतील विकृतितज्ज्ञाची रुग्णाशी सहसा भेटही होत नाही. खानोलकरांनी आयुष्यभरासाठी हेच पडद्याआडचे क्षेत्र निवडले.

त्यांच्या कार्याला खरे क्षेत्र लाभले ते टाटा स्मारक रुग्णालयात. या रुग्णालयामागेही रक्ताच्या कर्करोगाचीच वेदना होती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे 1931 मध्ये ल्युकेमियाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ 1932 मध्ये या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन झाला, तर टाटा विश्वस्त मंडळाच्या पुढाकाराने परळ येथे 28 फेब्रुवारी 1941 रोजी रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे संचालकपद खानोलकरांकडे आले.

अशा प्रयोगशाळेतील काम संयमाची परीक्षा पाहणारे असते. रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरून रंगविला जातो. ल्युकेमियात त्यात मोठ्या केंद्रकाच्या, अपरिपक्व पांढऱ्या पेशी दिसू शकतात. खात्रीसाठी कमरेच्या हाडातील मज्जा तपासली जाते. गाठीचा तुकडा मात्र फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, त्याचे अतिशय पातळ काप घ्यावे लागतात. क्षयाच्या गाठीत पनीरासारखा मृत भाग व त्याभोवती पेशींची वर्तुळाकार रचना आढळते. हॉजकिनच्या लिम्फोमात घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी आढळतात. येथे नजर चुकली तर कर्करोगाच्या रुग्णाला महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली जातात आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

खानोलकरांचे वेगळेपण असे, की निदानाचा अहवाल लिहून ते थांबले नाहीत. हा रोग याच माणसाला, याच जागी का झाला, हा प्रश्न त्यांनी प्रत्येक काचपट्टीला विचारला. मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग 1,000 रुग्णांचा त्यांचा आढावा 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर काचल्याने होणारा त्वचेचा कर्करोग आणि चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग यांकडे त्यांनी जगाचे लक्ष वेधले. राहणी, सवयी आणि कर्करोग यांचे नाते त्यांनी अशा रीतीने भारतीय पुराव्यांनिशी मांडले.

1952 मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचे ते संस्थापक संचालक. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली व पुढे ल्युकेमियासह अनेक कर्करोगांवर संशोधन केले. कुष्ठरोगात मज्जातंतूंवर होणाऱ्या परिणामांचाही खानोलकरांनी सखोल अभ्यास केला. पद्मभूषण हा किताब, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद आणि 1960 नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचे निधन झाले.

संशोधन केंद्र व रुग्णालय 1966 मध्ये एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र उभे राहिले. त्याच्या खारघर येथील संकुलातील संशोधन इमारत आज 'खानोलकर शोधिका' या नावाने ओळखली जाते. पेशींवरील प्रथिनांच्या खुणा ओळखणाऱ्या व जनुकीय चाचण्या आता निदानाच्या मदतीला आल्या आहेत. तरीही त्यांपैकी कोणती चाचणी करायची, हे ठरते ते काचपट्टीवर टाकलेल्या पहिल्या नजरेतूनच. क्षयाची औषधे घेऊनही न विरघळणाऱ्या गाठीचा तुकडा तपासून घेण्यास उशीर न करणे, हाच खानोलकरांच्या कार्याचा मराठवाड्यातील सामान्य रुग्णासाठी अर्थ आहे.