समुद्रतळावरचा छायाचित्रकार : लुई बुताँ

समुद्रात बुडी मारणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोती वेचणारा किंवा बुडालेल्या जहाजातील धन शोधणारा उभा राहतो. लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाला हवे होते ते फक्त खालचे दृश्य. आणि तेही खोल समुद्रातले नव्हे, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातले.

बुताँचा जन्म १८५९ साली व्हर्साय येथे झाला. तरुणपणी, १८८० च्या मेलबर्न प्रदर्शनाच्या निमित्ताने, तो ऑस्ट्रेलियाला जाऊन आला. पुढे शंखाच्या माथ्याला भोक असलेल्या फिस्युरेला नावाच्या मृदुकाय प्राण्यावर त्याने प्रबंध लिहिला. इथवरचे चरित्र कोणाही प्राध्यापकाचे असावे तसेच आहे.

पिरेनीज पर्वत जिथे भूमध्य समुद्राला भिडतो, तिथे स्पेनच्या सरहद्दीजवळ बान्यूल हे लहानसे गाव आहे. लाकाझ-द्युतिए या ज्येष्ठ प्राणिशास्त्रज्ञाने तेथे आरागो प्रयोगशाळा उभारली होती. जाळ्यातून वर काढलेला प्राणी आपल्या घरी कसा राहतो हे सांगत नाही. म्हणून बुताँने पाणबुड्याचा पोशाख चढवला. डोक्यावर धातूचे शिरस्त्राण, पायांत शिशाचे जड बूट आणि पाठीमागे हवेची लांब नळी! वर होडीत पंप मारणारा जरा थांबला तर खालच्याचा श्वास अडकलाच म्हणायचा.

तळावरची ती शेवाळाची राने पाहून तो हरखला. पण वर आल्यावर वर्णन करून करून किती करणार? ऐकणाऱ्याला पटायला पुरावा हवा. १८९३ साली त्याच्या ऑग्यूस्त या इंजिनियर भावाने त्याच्यासाठी कॅमेऱ्याला तांब्याची जलाभेद्य पेटी तयार केली. तिला हवेने भरलेला रबरी फुगा जोडलेला होता. खाली जावे तसा पाण्याचा दाब फुग्याला पिळी आणि आतली हवा पेटीत शिरे. त्यामुळे आतबाहेरचा दाब सारखा राही. मला तर ही साधी युक्ती साऱ्या कॅमेऱ्यापेक्षा मोठी वाटते.

याआधी १८५६ साली इंग्लंडमधील वेमथच्या उपसागरात विल्यम टॉमसन याने होडीतून कॅमेरा पाण्यात सोडून चित्र घेतले होते. पहिलेपणाचा मान त्याचाच. पण तो स्वतः होडीतच राहिला. बुताँ कॅमेऱ्यापाशी तळावर उभा राहिला. पाण्यात प्रकाश अपुरा आणि त्या काळच्या काचा मंद, त्यामुळे एकेका चित्राला कधी कधी अर्धा अर्धा तास लागे. मासे तेवढा वेळ थोडेच थांबणार? खडक उमटे, मासा नाहीसा होई. पाय हलवावा तर गाळ उठून सारेच धूसर होई.

मग कृत्रिम प्रकाशाचा ध्यास लागला. शोफूर नावाच्या विद्युत्तज्ज्ञाने प्राणवायूने भरलेल्या काचपात्रात मॅग्नेशियमची तार पेटवून दिवा केला. तो बेभरवशाचा, फुटण्याचेही भय. नंतर दोनशे लिटरच्या पिंपात प्राणवायू भरून वर काचेच्या घंटेखाली स्पिरिटचा दिवा ठेवला, आणि रबरी गोळा दाबून ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडवली. समुद्राच्या पोटात असा भडका उडवायचा म्हणजे छातीच हवी! रोमानियाचा जीवशास्त्रज्ञ एमिल राकोविट्झा याचे पाणबुड्याच्या वेशातील पाण्याखालचे चित्रही बुताँनेच घेतले.

१८९९ पर्यंत त्याने विजेचे दिवे पाण्यात सोडून रात्रीही चित्रे मिळवली. कॅमेरा आता पन्नास मीटरपर्यंत जाऊ लागला. मात्र तेथे बुताँ बरोबर नव्हता, वरूनच तो चालवत होता. १९०० साली या साऱ्या उद्योगावर त्याने ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर तो इंडोचायनात गेला आणि पुढे मोत्यांच्या अभ्यासात रमला. १९३४ साली त्याचे निधन झाले.