शिवार्पण राज्य : पुण्यश्लोक अहिल्याबाई

श्रावणमासातील सोमवार म्हणजे शिवभक्तांची पर्वणी. पहाटेच्या स्नानानंतर ओलेत्याने बेल तोडावा, शंभूच्या पिंडीवर जलधार धरावी आणि घरातील नव्या सुनेने तांदूळ, तीळ, मूग, जवस अशी क्रमाने शिवामूठ वाहावी, ही आपल्या घराघरांतील रीत. मूठ वाहून झाली की ते धान्य आपले राहत नाही. ते परत मोजून घ्यावे असे कोणाच्या मनातही येत नाही. शास्त्रकार ज्याला फलत्याग म्हणतात, त्याचा पहिला धडा आपल्या लेकीसुना अशा रीतीने पाटावर बसल्या बसल्या गिरवीत असतात.

परंतु मूठभर धान्य अर्पण करणे सोपे. अवघे राज्य अर्पण करणे, आणि अर्पण करूनही त्याचा कारभार अहोरात्र चोख ठेवणे, हे महाकठीण व्रत होय. ते व्रत जवळजवळ अठ्ठावीस वर्षे पाळून याच श्रावणातील वद्य चतुर्दशीस, शके १७१७ मध्ये, म्हणजे १३ ऑगस्ट १७९५ रोजी एक शिवभक्त राज्ञी नर्मदातीरी महेश्वर क्षेत्री शिवरूप झाली. त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर. आजच्या पर्वकाळी त्यांच्या चरित्राचे चिंतन करू या.

त्यागाचे तीन प्रकार

भगवद्गीतेचा अभिप्राय असा की, मनुष्याचा अधिकार कर्म करण्यापुरता आहे. फळ त्याच्या हाती नाही. हे वाक्य आपण सारेच बोलतो. परंतु त्याचा अर्थ लावताना पुष्कळ जण घसरतात. फळाची इच्छा नको म्हणजे कामाविषयी आस्थाच नको, झाले तर झाले, न झाले तर न झाले, असा सोयीचा अर्थ काढला जातो. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी या भ्रमाचे निरसन केले आहे. मोहाने कर्तव्य टाकणे हा तामस त्याग. शरीराला क्लेश होतील या भयाने टाकणे हा राजस त्याग. आणि कर्तव्य आहे म्हणून ते यथासांग करून त्यातील आसक्ती व फळ तेवढे सोडणे, हाच सात्त्विक त्याग. तिसऱ्या अध्यायात जनकादी राजांचा दाखला देऊन, लोकांची घडी नीट राहावी म्हणून ज्ञानी पुरुषानेही कर्म केले पाहिजे, असे भगवंत अर्जुनास सांगतात. जनक राजा पुराणकाळचा. अहिल्याबाई तर जणू कालपरवाच्या. त्यांच्या काळचे कागद अजून दप्तरात आहेत आणि त्यांनी बांधलेल्या घाटांवर आपण आजही स्नान करतो.

चौंडीची लेक, होळकरांची सून

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, आज अहिल्यानगर हे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. माळव्यात मराठ्यांचा झेंडा रोवणारे सुभेदार मल्हारराव होळकर यांनी ही मुलगी देवळात पाहिली आणि तिचे तेज ओळखून तिला सून करून घेतली, अशी परंपरा सांगते. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मालेराव हा पुत्र व मुक्ताबाई ही कन्या, अशी दोन अपत्ये झाली.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्याबाईंना तेव्हा एकोणतिसावे वर्ष चालू होते. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांनी सहगमनाची तयारी केली. वृद्ध मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरला. पुत्र गेला, आता तूच माझा पुत्र. तू गेलीस तर या दौलतीला आणि तिच्या आश्रयाने जगणाऱ्या प्रजेला वाली कोण, अशी त्यांची विनवणी होती. अहिल्याबाई चितेपासून परतल्या.

भाविकहो, हा क्षण नीट ध्यानी घ्यावा. अर्जुनाला रणांगण सोडून जावेसे वाटले, तसे या शोकाकुल स्त्रीला जगच सोडून जावेसे वाटले. दोघांनाही थांबविले ते कर्तव्याने. पतीवरील प्रेमाला अग्नीची साक्ष देणे त्या काळच्या लोकदृष्टीने कीर्तीचे होते. पांढरे वस्त्र नेसून हिशेबाच्या वह्या तपासत जगण्यात कसली आली कीर्ती? तरीही त्यांनी तेच पत्करले. मल्हारराव मोहिमेवर असत तेव्हा तोफखाना, दारूगोळा, वसुली यांची व्यवस्था सुनेकडे सोपवीत. त्यांची तशी पत्रे उपलब्ध आहेत.

राज्य घेतले, पण आपले म्हटले नाही

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. मालेराव गादीवर आले; परंतु त्यांच्या वर्तनाने मातेला सुख नव्हते, आणि वर्षही न भरता १७६७ साली तेही निवर्तले. आईनेच अपराधी पुत्राला देहदंड दिला, अशी एक कथा लोकांत सांगितली जाते. तिला इतिहासाचा आधार नाही. पुत्राच्या आजारपणात त्या शेवटपर्यंत शेजारी बसून होत्या, हेच खरे.

आता दौलतीला वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे अल्पवयीन मूल दत्तक घ्यावे असा आग्रह धरला, म्हणजे कारभार त्यांच्याच हाती राहिला असता. रघुनाथराव पेशवे त्यांच्या पाठीशी होते व फौजेनिशी माळव्यावर चालून आले. अहिल्याबाईंनी सैन्य सिद्ध केले आणि एका विधवेशी लढून जिंकलात तर यश नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा आशयाचा निरोप पाठविला, असे सांगतात. रघुनाथरावांनी आपण केवळ समाचारास आलो असे म्हणून माघार घेतली. थोरले माधवराव पेशवे यांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला.

येथे कोणी शंका घेईल की, ज्याला फळाची आसक्ती नाही त्याने राज्यासाठी शस्त्र का उचलावे? याचे उत्तर त्यांच्या पुढच्या कृतीत आहे. अधिकार मिळताच त्यांनी फौजेचे सुभेदारपद तुकोजी होळकरांना दिले आणि राज्य श्रीशंकराला अर्पण केले. हुकूमनाम्यांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव येऊ लागले. धन्याची ठेव चोराच्या हाती जाऊ न देणे हे विश्वस्ताचे कर्तव्यच असते. अनासक्ती म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे या प्रसंगावरून शिकावे.

शंकराच्या दारचा हिशेब

राजधानी महेश्वरी आली. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंच्या पश्चात त्यांना पाहिलेल्या माणसांकडे चौकशी करून त्यांची हकीकत लिहिली व ती १८२३ साली प्रसिद्ध झाली. तीत त्यांचा दिनक्रम आला आहे. सूर्योदयापूर्वी घटकाभर उठून स्नानपूजा, ग्रंथश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग साधा शाकाहार. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात येत, ते सायंकाळी सहापर्यंत तेथेच. पुन्हा पूजा व फराळ. आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा राज्यकारभार. पडदा त्यांनी पाळला नाही. कोणीही रयत समोर येऊन आपले गाऱ्हाणे सांगू शके.

होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. दौलतीचे उत्पन्न राज्याचे. खासगीचे उत्पन्न घरच्या स्त्रियांचे. ही खासगीची जहागीर १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना मिळाली होती. अहिल्याबाईंनी दूरदूरच्या क्षेत्रांतील धर्मकार्य चालविले ते या खासगीतून. काशी विश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० साली त्यांनी उभारले. सोमनाथास त्यांनी १७८३ मध्ये बांधलेले शिवालय, १९५१ साली प्राणप्रतिष्ठा झालेल्या मोठ्या मंदिराजवळ आजही पूजेत आहे. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार, काशीचा मणिकर्णिका घाट, पंढरीतील राममंदिरासह होळकर वाडा, ठिकठिकाणच्या धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे, देवतांच्या अभिषेकासाठी दूरवर धाडलेली गंगोदकाची कावड, ही यादी येथे पुरी होणार नाही. यातील बहुतेक स्थळे होळकरांच्या राज्याबाहेरची होती. तेथून एक पैशाचा कर यायचा नव्हता, की एक शिपाई मिळायचा नव्हता. ज्या घाटांच्या पायऱ्या त्यांनी बांधविल्या त्यांतील कित्येकांवर त्यांचे पाऊल कधी पडलेही नसेल. वाटसरूची तहान भागावी, एवढाच हेतू.

राज्यातही हीच दृष्टी. डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटीत. प्रथम बंदोबस्त केला. मग त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर अल्प कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला व बदल्यात वाटांचे रक्षण त्यांच्याच शिरावर ठेवले. महेश्वरी विणकर आणून वसविले; त्या मागांवरचे लुगडे आजही सणासुदीला आपल्या घरी येते. निपुत्रिक विधवेचे धन सरकारजमा करण्याचा मोह त्यांना झाला नाही. ते तिनेच सत्कार्यी लावावे, असे त्या सांगत.

कर्माच्या फळांत सर्वांत चिवट फळ म्हणजे कीर्ती. धनाचा लोभ सुटतो, पण चार लोकांनी चांगले म्हणावे हा लोभ भल्याभल्यांना सुटत नाही. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, इतक्या स्तुतीला आपण पात्र नाही असे म्हटले, आणि पोथी नर्मदेत सोडावयास सांगितली. कर्त्याची पुन्हा विचारपूसही केली नाही. आम्हा कीर्तनकारांना त्यांची आणखी एक आठवण प्रिय आहे. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांची वाणी त्यांनी ऐकली आणि ती भगवंताच्या गुणगानी लावण्याचा उपदेश केला. तेव्हापासून फंदी तमाशा सोडून कीर्तनरंगी उभे राहिले, असे परंपरा सांगते. आपली स्तुती नाकारणाऱ्या बाईंनी देवाच्या स्तुतीला असा एक कवी मिळवून दिला.

जेथे फळच हिरावले गेले

एवढे पुण्य केले, मग त्यांचे पदरी काय पडले, असे संसारी माणूस विचारील. ऐका. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिलेली. तिचा एकुलता एक मुलगा नथ्याबा हा आजीच्या म्हातारपणीचा विसावा. तो ऐन तारुण्यात गेला. त्या पाठोपाठ १७९१ मध्ये जावई गेले, आणि मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. ज्या रूढीतून मल्हाररावांनी सुनेला परत आणले होते, तीच रूढ आता लेकीला नेऊ लागली. आईने पायांवर डोके ठेवून विनविले; लेक ऐकेना. त्या राणीने नर्मदाकाठी उभे राहून ते पाहिले. दोन ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते. ज्वाळा उठताच त्यांचा धीर सुटला, दुःखावेगाने त्यांनी स्वतःचे हात चावून घेतले. पुढे तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. ही अमानुष चाल पुढे कायद्याने बंद झाली हे योग्यच झाले. त्या मातेचा आक्रोश हाच तिच्याविरुद्धचा मोठा पुरावा आहे.

अनासक्त मनुष्य दगड असतो, त्याला दुःख होत नाही, असे जे समजतात त्यांनी हा प्रसंग आठवावा. अहिल्याबाई रडल्या, आई रडते तशा रडल्या. पण तीन दिवसांनी त्या उठल्या आणि पुन्हा दरबारात बसल्या. पुढे १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत तुकोजींच्या फौजेचा शिंद्यांकडून पराभव झाला, घरातली भांडणे विकोपाला गेली, तरी गाऱ्हाणे घेऊन आलेल्या रयतेला महेश्वरीचे दार बंद झाले नाही. सुखाच्या दिवसांत फळाची आशा नाही असे म्हणणे सोपे असते. पती, पुत्र, नातू, लेक अशी एकेक फळे काळाने तोडून नेल्यावरही झाडाने सावली देणे थांबविले नाही, यात त्यांच्या व्रताची कसोटी आहे.

आपल्या पदरी काय घ्यावे

२०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांचे नाव घेणे सोपे. त्यांची वाट चालणे मात्र आपल्या घरातूनच सुरू होते. मुलगा पुढे आपल्याला सांभाळील म्हणून नव्हे, तर तो मुलगा आहे म्हणून त्याला वाढवावे. सासूबाई नाव ठेवोत की न ठेवोत, त्यांचे औषधपाणी वेळेवर करावे. वरिष्ठांची नजर असो वा नसो, कचेरीतले काम चोख करावे. आणि हे करताना, मी एवढे केले पण मला काय मिळाले, हा हिशेब मनात मांडू लागलो तर तेवढाच हिशेब शंभूच्या पायी ठेवून द्यावा. काम मात्र ठेवू नये.

काशीस गेलात, गयेस गेलात, तर विश्वेश्वरापुढे आणि विष्णुपदापुढे हात जोडताना त्या माउलीचेही स्मरण करावे. तिने तेथे आपल्यासाठी काही मागितले नव्हते. आपणही त्या दिवशी काही मागू नये. उद्याचे काम नीट करण्याचे बळ तेवढे मागावे. शिवार्पणमस्तु.