गावांचा पूर्वेतिहास शोधणारा डॉक्टर : जुझे जेर्सन द कुन्हा

तेरेखोल नदीच्या काठी वसलेले बांदा आज मुंबई-गोवा महामार्गावरील बाजारपेठेचे आणि महाविद्यालयाचे छोटे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु सन १५१४ च्या सुमारास दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने किनाऱ्यावरील व्यापारी ठाण्यांचे वर्णन करताना बांद्याची नोंद घेतली होती. मलबारची गलबते येथे येत व धान्य भरून नेत. पुढे आदिलशाहीच्या काळात हे गाव आदिलाबाद या नावानेही ओळखले जात असे. अशा गावाचा पूर्वेतिहास कसा शोधावा, हा प्रश्न येथील अभ्यासू तरुणांपुढे आहे. त्याचे उत्तर बांद्यापासून फार दूर नसलेल्या बारदेशात जन्मलेल्या एका डॉक्टरांच्या जीवनात सापडते.

डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा यांचा जन्म २ फेब्रुवारी १८४४ रोजी बारदेशातील हडफडे या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले. त्यानंतर त्यांनी इंग्लंड व स्कॉटलंड येथील वैद्यकीय पदव्या संपादन केल्या आणि मुंबईस परतून व्यवसाय आरंभला. रुग्णसेवा हा त्यांचा उदरनिर्वाहाचा मार्ग होता. इतिहास, भाषा व नाणी हा त्यांचा ध्यास होता. इतिहासाचे अध्यापन हा त्यांचा पेशा कधीच नव्हता. जे संशोधन त्यांनी केले, ते व्यवसायातून उरलेल्या वेळात केले.

१८७६ साली त्यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील आणि प्राचीन अवशेषांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात १७ छायाचित्रे, ९ शिलामुद्रित चित्रे व एक नकाशा होता. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर तेथे तटबंदी, प्रार्थनामंदिरे, मठ आणि येशूसंघीयांचे महाविद्यालय उभे राहिले. याच वसईत जन्मलेले व येशूसंघीयांच्या छायेत वाढलेले संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे हौतात्म्य प्राप्त झाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज रहिवासी निघून गेले. डॉ. द कुन्हा यांनी वसईचा अभ्यास केला, तेव्हा त्या वैभवाचे केवळ भग्नावशेष उरले होते.

त्या अवशेषांतील थडग्यांवरील व भिंतींवरील पोर्तुगीज लेख त्यांनी वाचले, नकलून घेतले आणि अनुवादासह छापले. ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि माणसांची बेपर्वाई यांपुढे दगडावरील अक्षर फार काळ टिकत नाही, ही जाणीव या कामामागे होती. आज वसईच्या किल्ल्यात फिरताना झिजलेल्या शिळा दिसतात, तेव्हा त्या वेळी कागदावर उतरलेल्या अक्षरांचे मोल कळते.

त्यांच्या संशोधनाचा दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. स्वतः कॅथलिक असूनही त्यांनी या गावांचा इतिहास पोर्तुगीजांच्या आगमनापासून सुरू केला नाही. चौलविषयी लिहिताना त्यांनी चंपावती व रेवतीक्षेत्र या पारंपरिक नावांचा मागोवा घेतला, तसेच ग्रीक भूगोलकारांचे उल्लेखही विचारात घेतले. चौलचे जुने नाव चेमूल कान्हेरीच्या शिलालेखांत आढळते, तर अरब प्रवाशांनी त्याला सैमूर म्हटले आहे. गावाची स्मृती एकाच समाजाच्या दप्तरात साठलेली नसते, हे या सर्व साधनांवरून स्पष्ट होते.

१८७७ साली त्यांनी स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता अनेक हस्तलिखिते ताडून प्रसिद्ध केली. ज्ञातींच्या उत्पत्तिकथांमुळे हा ग्रंथ आधीपासूनच वादाचा विषय होता. तरीही कोकणच्या इतिहासाचे एक साधन म्हणून तो छापून सर्वांसमोर ठेवणे त्यांना आवश्यक वाटले. १८७८ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेस ते उपस्थित राहिले. १८८१ साली कोकणी भाषा व साहित्य यांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. भारतातील पोर्तुगीज नाण्यांवरही त्यांनी मोलाचे लेखन केले. मुंबईच्या उगमाविषयीचा त्यांचा विस्तृत ग्रंथ रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने १९०० साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची सर्वच मते आज मान्य होतील असे नाही. नंतरच्या संशोधकांनी त्यांतील काहींना मुरड घातली आहे. परंतु मूळ साधन वाचकांपुढे ठेवल्यामुळे पुढच्या पिढीला त्यांच्या चुका दुरुस्त करणेही शक्य झाले. प्रामाणिक संशोधनाचे हेच लक्षण होय.

बांद्यासारख्या गावातही नदीकाठच्या जुन्या वास्तू आहेत, देवळांच्या व मशिदींच्या परंपरा आहेत, घराघरांत जुने दस्तऐवज आहेत आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या आठवणी आहेत. जुने घर पाडताना कागदांची पेटी अडगळीत जाते, वृद्धांबरोबर त्यांच्या आठवणीही निघून जातात. म्हणून महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने सुटीच्या दिवशी वही घेऊन आजीच्या शेजारी बसावे, एखाद्या शिळेवरील अक्षरे जपून उतरवून घ्यावीत. डॉ. द कुन्हा यांनीही आपला व्यवसाय सांभाळून उरलेल्या वेळातच हे कार्य केले. त्यांच्या स्मृतीस वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.